बूट चढणीचा की उतरणीचा?

सातारा-सांगलीकडच्या माणसाचा बर्फाशी संबंध थोडाच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात एखाद्या पहाटे हिमकण साठतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचे फोटो येतात, तेवढाच. तरी इकडच्या मुलांनी हिमालयाची वाट धरली आहे. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ साली एव्हरेस्ट सर केलं, १६ एप्रिल २०२१ रोजी अन्नपूर्णा आणि मे २०२२ मध्ये कांचनजंगा. आठ हजार मीटरवरची पाच शिखरं चढणारी पहिली भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव नोंदलं गेलं. त्यांच्यामागून अजिंक्यतारा आणि यवतेश्वरचा घाट पायांखाली घालणारी पुढची पोरं निघाली आहेत, आणि त्यातल्या काहींना शिखराबरोबर उताराचीही ओढ आहे.

माझी मुलगी त्यांतलीच. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत तिनं बेसिक कोर्स केला, नंतर गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकली. आता तिला आखलेल्या उतारांच्या दोऱ्या ओलांडून कोऱ्या बर्फात जायचं आहे. स्वतःच्या पायांनी वर चढायचं आणि बोर्डावरून खाली यायचं, ज्याला बॅककंट्री म्हणतात ते. त्यासाठी बूट कुठला घ्यावा, यावर तिचं आणि तिच्या मामाचं जुंपलं. मामा मिरजेत हाडांचे डॉक्टर आहेत. तरुणपणी त्यांनीही गिर्यारोहणाचा कोर्स केलेला, आणि आजही रविवारी दंडोबाच्या डोंगरावर फेरी असतेच. दोघांचं बोलणं इथं मांडतो आहे, कारण हा प्रश्न आता आपल्याकडच्या बऱ्याच घरांत येणार आहे आणि त्याचं उत्तर देईल असं दुकान ना साताऱ्यात आहे ना सांगलीत.

मुलगी : मामा, हिशोब सरळ आहे. चढायला चार तास, उतरायला वीस मिनिटं. मग बूट चार तासांसाठी घ्यायचा की वीस मिनिटांसाठी? मी गिर्यारोहणाचा डबल बूट घेणार. बाहेर कडक कवच, आत काढता येणारं उबदार लायनर. पुढं शिखरांवर जाईन तेव्हाही तोच चालेल. दोन-दोन जोड घेऊन ठेवायचे कुठं?

मामा : कोर्सला तुला कसले बूट दिले होते?

मुलगी : प्लास्टिकचे. जड होते, पण पाय कधी ओला झाला नाही. घट्ट बर्फात टोकानं लाथ मारली की पायरी पडायची. क्रॅम्पॉन तर खटकन बसायचे.

मामा : आणि उतरताना?

मुलगी : टाचा रोवत यायचं.

मामा : म्हणजे चालत. बोर्डावर उभं राहून तू त्या बुटात कधी उतरलेली नाहीस. माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

इथं मध्येच थोडं सांगायला हवं, कारण आपल्या डोंगरांत वाढलेल्या माणसाला बुटाची अक्कल येते ती वेगळ्या जमिनीवर. सह्याद्रीत बूट धरतो तो तळाच्या रबरामुळे. कातळटप्प्यावर मऊ रबर दगडाला चिकटतं, घसाऱ्यावर खाचा रुततात, पावसात शेवाळावर दोन्ही हात टेकतात. म्हणून तर महाराष्ट्रातल्या ट्रेकरांच्या कित्येक पिढ्यांनी महागड्या परदेशी बुटांपेक्षा साधे ‘ॲक्शन ट्रेकिंग’ बूट पसंत केले. वासोट्याला जायला, प्रचितगडाची शिडी चढायला तेवढं पुरतं. बर्फावर मात्र रबराचा फारसा उपयोग नाही. तिथं तळव्याची कड बर्फात कापत जाते आणि त्या कापलेल्या खाचेवर माणूस उभा राहतो. त्यासाठी तळ वाकता कामा नये. गिर्यारोहणाच्या बुटाचा तळ फळीसारखा ताठ असतो तो यासाठी. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली अडकवायचे धातूचे काटे, तेही या तळावरूनच ठरतात. ज्याचा तळ जरा वाकतो त्याला पट्ट्यांनी बांधायचे, ज्याला टाचेमागे खाच आहे त्याला मागून खटका बसणारे, आणि पुढे-मागे दोन्हीकडे खाच असलेल्या पूर्ण ताठ बुटाला दोन्हीकडून पकडणारे. चुकीची जोडी जमवली तर क्रॅम्पॉन नेमका नको तिथं निसटतो. मुलीचा कल या बुटाकडे होता तो काही हौसेपोटी नव्हता.

मामा : आता बोर्डाचं बघू. तुझे दोन्ही पाय एकाच फळीवर, आडवे, पट्ट्यांनी आवळलेले. वळायचं कशानं? एकदा बोटांकडची कड दाबायची, एकदा टाचेकडची. बोटांकडे झुकताना नडगी बुटाच्या जिभेवर रेलते. टाचेकडे झुकताना पोटरी मागच्या पाठीवर रेलते. मधल्या वेळात टाच तळापासून केसभरही उचलली जाता कामा नये. उचलली, की तू वळायचं मनात आणतेस आणि बोर्ड क्षणभर उशिरा वळतो. झाडांमध्ये तो क्षण महागात पडतो. चढाईचा बूट कशासाठी बनवलाय? घोटा पुढे-मागे मोकळा हलावा, पाऊल उचलावं, टाकावं. चालण्याचा बूट तो. त्याचा तळ पुढे वर वळलेला, अंगानं अरुंद. बोर्डाच्या पट्ट्या मऊ, गोलसर बुटाच्या मापानं केलेल्या. त्या कवचावर कुठंतरी एका जागी दाबतात आणि बाकी ठिकाणी सैल राहतात.

मुलगी : पूर्वी युरोपात लोक कडक बूट घालून बोर्ड चालवायचेच की. आणि मार्को सिफ्रेदी? २३ मे २००१ ला एव्हरेस्टच्या माथ्यावरून बोर्डानं खाली आला. बावीस वर्षांचा होता.

मामा : तो शामोनीचा पोरगा. आणि दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर २००२ मध्ये, त्याच डोंगरावर हॉर्नबाइनच्या नाळेतून उतरायला गेला तो परत आलाच नाही. त्याचं धाडस मोठं होतं, पण त्याच्यावरून तुझा बूट ठरवायचा नाही. आणि युरोपातले ते कडक बूट म्हणजे स्कीच्या जातीचे. टाच आणि टोक दोन्ही लोखंडी पकडीत अडकवायचे, पुढचा झुकाव पक्का. चढाईचा डबल बूट आणि ते कवच लांबून सारखे दिसतात, इतकंच.

मामांचा पुढचा मुद्दा त्यांच्या पेशातला होता. स्नोबोर्डवर पडणारा माणूस बहुतेक वेळा हात टेकतो, म्हणून मनगट मोडण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त. घोट्याच्या दुखण्यांत मात्र एक फसवं आहे. घोट्यात टॅलस नावाचं हाड असतं, त्याच्या बाहेरच्या बाजूच्या टोकाला तडा जातो. साध्या एक्स-रेमध्ये तो बऱ्याचदा दिसत नाही, मुरगळलं म्हणून पट्टी बांधली जाते आणि माणूस पुढं कित्येक महिने लंगडतो. इंग्रजीत या मोडीला स्नोबोर्डरच्याच नावानं ओळखतात. उडी मारून खाली टेकताना पाऊल वर दुमडून आत वळलं की ही मोड होते.

मुलगी : म्हणजे घोटा मऊ बुटातच जास्त दुखावतो ना? मग कडक बूट बरा!

मामा : घोट्यापुरतं खरं आहे. मऊ बुटात घोट्यावर येतं, कडक बुटात तोच जोर वर चढतो, नडगीच्या खालच्या भागावर आणि गुडघ्यावर. जोर कुठंतरी जाणारच. म्हणून नुसत्या कडकपणावर भुलू नकोस, टाच धरून ठेवणारा बूट बघ. मोडीबद्दल एवढंच लक्षात ठेव, की आठवड्यात उतरली नाही अशी मुरगळ घेऊन घरी बसायचं नाही, सीटी स्कॅन मागायचा.

आतापर्यंत मामांचं पारडं जड वाटत होतं. पण मुलगी मऊ बुटात चालून आलेली आहे, मामा नाहीत.

मुलगी : आता माझं ऐका. स्प्लिटबोर्ड उभा चिरून दोन पट्ट्या होतात. त्या स्कीसारख्या पायात अडकवायच्या, खाली मागं घसरू न देणारं कातडं लावायचं आणि चढायचं. सरळ चढणीला मऊ बूट चालतो. पण उतारावर आडवी मारायची वेळ आली की घोटा खाली लवंडतो, पट्टीची कड बर्फातून सुटते. सकाळी बर्फ कडक असला तर दर पावलाला घसरायला होतं. पायऱ्या मारायला जा, तर गोल, मऊ टोकानं बर्फाला नुसती धडक बसते. क्रॅम्पॉन बांधले तर रुंद बुटावर पट्टे सरकतात. तुम्ही म्हणता धोका उताराला आहे. एका बाजूला दरी असताना चढणीवर पाय सुटला तर?

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “यात तू खरी आहेस.”

माझंही मत तेच. बूट निवडताना लोक उताराचा आनंद डोळ्यांपुढे आणतात आणि आडवीचा कंटाळा विसरतात. कडक सकाळच्या बर्फात आडवी मारणं हे या खेळातलं सगळ्यांत नावडतं आणि सगळ्यांत गंभीर काम आहे. मऊ बुटाची उणीव तिथंच उघडी पडते, आणि ती झाकणारा सल्ला देणाऱ्यानं स्वतः तिथं उभं राहून बघावं.

पण मग गिर्यारोहणाचा बूट घ्यावा का? मला वाटतं नाही, आणि त्याचं कारण बोलता बोलता मापावरून निघालं.

मामा : तुझा चढाईचा बूट कसा मापतात?

मुलगी : लायनर बाहेर काढायचं, रिकाम्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची. टाचेमागे दीड-दोन बोटं जागा राहिली पाहिजे. मग लायनर घालून उतारावर उभं राहायचं. बोटं पुढे लागता कामा नयेत. लागली तर उतरताना नखं काळी पडतात आणि थंडीत रक्त पोचत नाही.

मामा : बरोबर. माझी दोन्ही अंगठ्यांची नखं तशीच गेली होती. आणि गुलमर्गला बोर्डाचा बूट भाड्यानं घेतलास तेव्हा?

मुलगी : सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत. टाच उचलून बघायची, उचलता येता कामा नये.

मामा : एकाच पायाची ही दोन मापं झाली. एकात बोटांपुढं मोकळी जागा हवी, दुसऱ्यात ती नको. एक जोड घेऊन दोन्ही कामं करीन म्हणतेस, तर माप कुठलं घेणार? मोकळं घेतलंस तर बोर्डावर पाय आत खेळेल. घट्ट घेतलंस तर उंचीवर बोटं गोठतील. हिमदंशाला थंडी जितकी कारण, तितकाच आवळलेला बूट.

मुलगी : लायनर पायाला बसतं की हळूहळू.

मामा : लायनर बसतं, गरम करून बसवताही येतं. कवच बसत नाही. आपली कोल्हापुरी पहिले दिवस चावते, तेल मुरलं की पायाची होते. ते कातडं आहे. प्लास्टिक तुझ्या पायाशी जुळवून घेणार नाही. हाड टोचत असेल तर कारागिरानं तिथं गरम करून कवच फुगवावं लागतं, आणि तसा कारागीर आपल्याकडे कुठं आहे?

कोल्हापुरीचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातून कोल्हापूर, सोलापूर यांच्याबरोबर आपले सांगली आणि सातारा हे जिल्हेही त्यात आले. पायाचं माप हातानं घेऊन पायताण शिवणारी माणसं या मुलखात आजही आहेत. अशा मुलखातल्या पोरांनी फोटो बघून, ऑनलाइन, नेहमीच्या बुटाचा नंबर टाकून हजारो रुपयांचा बूट मागवावा, हे मला अजिबात पटत नाही. बर्फाच्या बुटांचं माप बऱ्याच ठिकाणी सरळ पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतं. भिंतीला टाच लावून कागदावर पाऊल ठेवलं, पट्टीनं मोजलं, की ते घरी कळतं.

मुलीनं शेवटचा पत्ता काढला तो तिसऱ्या बुटाचा.

मुलगी : मग स्की-गिर्यारोहणाचा हलका बूट? त्याच्या टोकाला दोन्ही बाजूंना धातूच्या खोबण्या असतात, त्यात पट्टीच्या पिना बसतात. चालताना घोटा मोकळा करता येतो, उतरताना खटका दाबून कडक करता येतो. क्रॅम्पॉन नीट बसतात. आडवीला कड धरते. बरेच अनुभवी स्प्लिटबोर्डवाले आता तोच वापरतात. चढाईच्या बुटाला त्या खोबण्याच नसतात, हे मलाही माहीत आहे.

मामा : हे पटण्यासारखं आहे. तुझे चढणीवरचे सगळे मुद्दे त्यानं सुटतात.

मुलगी : फक्त बूट बदलून भागत नाही. बूट बोर्डाला धरणारी पकड, म्हणजे बाइंडिंगही त्याचीच लागते. दोन्ही मिळून लाखाच्या घरात जातं.

मामा : आणि कडक कवचातून बोर्ड चालवायचं नव्यानं शिकावं लागतं. तुझं मऊ बुटातलं वळण अजून पक्कं झालेलं नाही.

इथं मी तोंड उघडलं. तिला विचारलं, यंदा जायचं कुठं? ती म्हणाली, गुलमर्ग, अफरवट. मग चार तास आणि वीस मिनिटांचा तो हिशोब पुन्हा मांडायला सांगितला. गुलमर्ग आहे सुमारे २,६५० मीटरवर. तिथला गोंडोला दोन टप्प्यांत अफरवटच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. तिथून धारेवर चालत जायचं ते थोडकं, आणि खाली उतार पसरलाय तो बहुतेक मऊ, खोल बर्फाचा. म्हणजे या हिवाळ्यात तिची चढण कमी, उतरण जास्त. उत्तराखंडात एखाद्या नाळेतून पहाटे क्रॅम्पॉन लावून चढायचं असतं तर माझं उत्तर निराळं आलं असतं.

मुलगी : म्हणजे तुम्हीही मामांच्या बाजूनं, बाबा?

मामा : दाजी कुणाच्या बाजूनं नाहीत, ते अफरवटच्या बाजूनं आहेत.

ती हसली, पण तिनं चढाईचा बूट पाठीवर न्यावा, वर जाऊन बदलावा, असाही एक पर्याय लगेच काढला. तो मामांनी एका वाक्यात मोडला. वाऱ्यात, उणे दहा-पंधरा तापमानात, दमलेल्या अंगानं मोजे उघडे टाकून बूट बदलायला बसणं म्हणजे बोटं आपण होऊन थंडीच्या हवाली करणं. शिवाय नको असलेल्या जोडाचं दोनेक किलो ओझं वर-खाली वाहायचं. गिर्यारोहकांत जुना हिशोब आहे, पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच किलोंना भारी पडतं. पाठीवरचं ओझंही काही फुकट जात नाही.

तेव्हा घरात ठरलं ते असं. तिनं स्वतःचा, नीट मापलेला, जरा कडक आणि टाचेला पक्का धरणारा स्नोबोर्डचाच बूट घ्यायचा. टाचेमागे क्रॅम्पॉनची खाच आणि खाली खोल खाचांचा तळ असलेले मऊ बूट आता याच कामासाठी बनतात, तसा मिळाला तर उत्तम. साधा मिळाला तर पट्ट्यांचे रुंद क्रॅम्पॉन त्याच बुटावर घरी बसवून, त्यात चालून बघायचं, मग न्यायचे. बोर्ड भाड्यानं. गिर्यारोहणाचा बूट सध्या विकत घ्यायचाच नाही. कोर्सला तो संस्था देते, मोहिमेला भाड्यानं मिळतो. कडक सेटचा विचार तिनं दोन-तीन हिवाळे बोर्ड चालवल्यावर करावा. तिला हे पूर्ण पटलेलं नाही. आडवीचा मुद्दा ती सोडत नाही, आणि तिनं सोडूही नये. ज्या दिवशी बर्फ कडक आहे आणि वाट आडवी आहे, त्या दिवशी मऊ बुटातल्या माणसानं मागं फिरायचं, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

एक गोष्ट मात्र या सगळ्या बोलण्यात दोघांच्याही तोंडून उशिरा आली, आणि माझ्या मते ती बुटाच्या आधी यायला हवी होती. बोर्डाची बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही. हिमस्खलनात माणूस सापडला तर पायातला बोर्ड त्याला नांगरासारखा खाली ओढतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्याच उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश पर्यटक गेले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत गुलमर्गलाच हिमस्खलनात एक रशियन पर्यटक दगावला. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची आशा मोठी असते. अर्ध्या तासानंतर ती फार कमी उरते. तेवढ्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही, बरोबरच्या माणसांनीच काढायचं असतं. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर शोधयंत्र हवं, पाठीवर फावडं आणि घडीची लांब सळई हवी, आणि या तिन्हींचा सराव झालेला हवा.

लाखाचा बूट घेऊन या वस्तूंना पैसे उरले नाहीत, असं कुणाच्याही घरी होऊ नये. तुमच्या घरातलं कुणी यंदाच्या हिवाळ्यात निघालं असेल तर त्याला एवढं करायला लावा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, दोन्ही पावलं मोजा आणि मोठं माप धरा. जो एक लोकरी मोजा घालायचा तोच घालून बूट पायात चढवा आणि निदान अर्धा तास घरात वावरा. नखं कापा. पैसे कमी पडत असतील तर बूट भाड्यानं घ्या. शोधयंत्र, फावडं आणि सळई नसेल, किंवा ती चालवता येणारा जोडीदार बरोबर नसेल, तर त्या दिवशी दोरीच्या अलीकडेच राहा.